उतरलेले वजन आणि धावण्याची मराठी पूर्वपीठिका

पालघर जिल्ह्यातील पाम, बोईसर, तारापूर या पट्ट्यात जो मनुष्य पंधरा-वीस किलो वजन उतरवतो आणि त्यानंतरही रोज पहाटे धावत राहतो, त्याच्या वाट्याला येणारा पहिला प्रश्न अभिनंदनाचा नसतो. 'काय रे, बरं नव्हतं का?' असा तो असतो. दुसरा प्रश्न जरा हलक्या आवाजात येतो: 'शुगर निघाली का?' तिसरा त्याला विचारलाच जात नाही. तो त्याच्या आईला अथवा पत्नीला विचारतात, आणि त्यात घरात काही काळजी आहे की काय याची चौकशी असते. पहिल्या पाळीच्या कंपनी-बसची वाट पाहत उभी असलेली माणसे त्याला अंधारात धावताना पाहतात, तेव्हा त्यांतला एखादा न कळत त्याच्या पाठीमागच्या रस्त्याकडे बघतो, याच्या मागे कोण लागले आहे म्हणून. हे सारे थट्टेवारी नेण्याजोगे वाटते खरे. परंतु आम्हांला हे प्रश्न अडाणीपणाचे वाटत नाहीत. धावणारे शरीर आणि रोडावलेले शरीर या दोहोंकडे मराठी समाजाने शतकानुशतके ज्या नजरेने पाहिले, तिचा अवशेष त्यांत आहे. आधी भाषेकडे पाहू.

अंगाने भरलेल्या माणसाविषयी मराठीत जे शब्द आहेत त्यांत माया पुष्कळ आहे. बाळसे, गुटगुटीत, भरल्या अंगाचा, खात्यापित्या घरचा. आजारातून उठलेल्याच्या अंगावर मूठभर मांस चढते आणि घर सुखावते. पोट 'सुटते' त्यात थोडी थट्टा आहे, पण तीही समृद्धीला धरून. याउलट कृश माणसाविषयीचे शब्द पाहावेत: रोडावला, वाळला, सुकला, झडला, खंगला, चिपाड झाला. यांतला एकही शब्द कृशतेचे कर्तेपण त्या माणसाकडे देत नाही. त्याच्यावर काहीतरी ओढवले आहे, असेच प्रत्येक शब्द सांगतो. जो एक शब्द हेतू मानतो तो 'उतरवणे', आणि त्याची संगत कोणाशी आहे? ताप उतरतो, नशा उतरते, अंगातले भूत उतरते. आणि दुःखाने चेहरा उतरतो.

शब्दांची ही बाजू का अशी, याला कारणे शोधायला दूर जावे लागत नाही. १८७६-७८ चा दख्खनचा दुष्काळ, शतक संपताना आलेले लागोपाठचे दोन दुष्काळ, आणि अगदी अलीकडचा १९७२ चा. मिलो ज्वारी आणि सुकडी खाऊन रोजगार हमीच्या कामावर खडी फोडलेली पिढी आजही घराघरांत आजी-आजोबा म्हणून बसली आहे. तिच्या लेखी वजन कमी होणे ही घटना असते, पराक्रम नव्हे. नातू स्वतः होऊन भाताची वाटी दूर सारतो, तेव्हा तिला जे वाटते त्याला तिच्या आयुष्यात पूर्वदाखला नाही.

आपल्या व्यायामपरंपरेनेही या बाबतीत मदत केलेली नाही. तालमीचा संसार खुराकावर चालतो. दूध, तूप, बदाम, थंडाई. जोर-बैठका मारून जे घडवायचे ते भरदार अंग. पैलवानाचे कौतुक मांडीच्या घेराने होई. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी १८९७ च्या सुमारास सँडोच्या उपकरणांकडे वळले, पुढे ते सोडून त्यांनी सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतला आणि संस्थानातल्या शाळाशाळांत तो पोचवला. त्या चळवळीत आरोग्याचा, दीर्घायुष्याचा विचार होता. पण सूर्यनमस्कार काय किंवा मल्लखांब काय, हे व्यायाम जागेवरचे आहेत. हातभर जमिनीत माणूस घाम गाळतो. घराबाहेर पडून, वेशीच्या पलीकडे जाऊन, काहीही न आणता परत येणे हा प्रकार त्यांत बसत नाही.

मग मराठी मुलखात धावत कोण होते? येथेही भाषा दोन वाटा दाखवते. 'पळणे' आणि 'धावणे' हे शब्द आपण बोलताना एकमेकांच्या जागी वापरतो, परंतु त्यांची नियत वेगळी आहे. पळणे हे कशापासून तरी दूर असते: पळ काढणे, पळपुटा, पळून जाणे. धावणे हे कशाकडे तरी असते: धावून येणे, मदतीला धावणे, देवाचा धावा करणे. या दोहोंचा जोडशब्द 'धावपळ' आपल्या रोजच्या तक्रारीचा भाग झाला आहे. तो उच्चारणारे बहुतेक त्या वेळी खुर्चीत बसलेले असतात, हे जाता जाता. पहाटे धावणाऱ्या माणसाची अडचण अशी की तो कशापासून पळत नाही आणि कोणाकडे धावतही नाही. पाच किलोमीटर जाऊन तो आपल्याच दारात परत येतो. भाषेने ठेवलेल्या दोन्ही जागा त्याला अपुऱ्या पडतात.

इतिहासातला धावणारा मनुष्य मात्र नेमक्या जागी जात असे, आणि स्वतःच्या मर्जीने जात नसे. पेशवाईतील जासूद, काशीद, हरकारे हे त्या राज्ययंत्रणेचे पाय होते. ज्या पत्रांवर मराठ्यांच्या इतिहासाची इमारत उभी आहे, त्यांतील असंख्य पत्रे या माणसांनी कमरेला बांधून डोंगर-नद्या ओलांडल्या. इतिहासकारांनी पत्रांतला शब्द न् शब्द तपासला. पत्र आणणाऱ्याचे नाव क्वचितच हाती लागते. पुढे कंपनी सरकारच्या आणि राणीच्या टपालातही हरकारा राहिला, घुंगरू बांधलेली काठी घेऊन. आमच्या भागातून बडोद्याकडे जाणारी लोहमार्गाची वाट १८६४ मध्ये मुंबईला भिडली, आणि किनारपट्टीची पत्रे आगगाडीने जाऊ लागली. आत, डोंगराकडे, पत्र माणसाच्या पायांनीच जात राहिले.

याहून कडवट प्रकरण वतनाचे आहे. गावगाड्यात महारांकडे जी कामे वंशपरंपरेने लादली गेली, त्यांत सरकारी निरोप आणि कागद गावोगाव पोचवणे, मृत्यूची वार्ता नातलगांच्या गावी नेणे, अंमलदाराच्या दिमतीला राहणे ही होती. दिवस असो वा रात्र, बोलावणे आले की निघायचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले, ते या अमर्याद राबवणुकीवरच बोट ठेवणारे होते. ही वतने कायद्याने संपली ती १९५८ च्या अधिनियमाने, म्हणजे स्वातंत्र्यानंतरही दहाहून अधिक वर्षांनी. आमच्या जिल्ह्यात याचेच दुसरे रूप म्हणजे वेठ. डहाणू, तलासरी, उंबरगाव या भागांतील वारल्यांनी १९४५ मध्ये सावकार-जमीनदारांच्या वेठीविरुद्ध जो उठाव केला, त्याची हकीकत गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात आली आहे. ते १९७० मध्ये प्रसिद्ध झाले आणि मराठीच्या विद्यार्थ्यांना ते परिचयाचे असावे. आत्मकथन म्हणून, चळवळीचा दस्तऐवज म्हणून ते वाचले गेले आहे. आम्हांला त्यात आणखी एक गोष्ट दिसते: आपले शरीर दिवसाच्या कोणत्या प्रहरी काय करील हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा त्या लढ्याच्या मुळाशी असलेला प्रश्न. स्वतःच्या हौसेने पहाटे पाचला उठून घाम गाळण्याची कल्पना ज्या मातीत नवी आहे, तेथे दुसऱ्याच्या हुकमाने पहाटे उठण्याची आठवण फार जुनी आहे.

एक अपवाद मात्र सुंदर आहे, आणि तो वारीतला. ज्ञानेश्वरांची पालखी वेळापूरजवळच्या उतारावर आली की वारकरी धावत सुटतात. येथून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावले, अशी श्रद्धा आहे. या धावण्याला 'धावा' म्हणतात; देवाला घातलेली हाकही 'धावा'च. त्यात स्त्रिया धावतात, म्हातारे धावतात, डोईवर तुळस घेतलेल्या धावतात. कोणाला कोणी हुकूम केलेला नसतो आणि कोणी कोणाच्या पुढे गेल्याची नोंद होत नाही. मराठी माणसाने आनंदासाठी धावण्याचा आम्हांला ठाऊक असलेला हा सर्वांत मोठा सोहळा. पण तोही वर्षातून एकदा, आणि पंढरपूर समोर असताना.

स्पर्धेचे धावणे आले ते पुण्यात. डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धांत धावायला आलेले बहुतेक शेतकरी होते, अनवाणी धावत होते, आणि त्यांच्या वेळा युरोपातल्या वेळांशी ताडून पाहता येतील अशा होत्या. ही हकीकत जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनी पुढे १९२९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात नोंदवली आहे. त्या दर्शनातून १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला सहा खेळाडू गेले. त्यांत बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये १९ वे आले: २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंद. त्या वर्षीचे अंतर आजच्या ठरावीक अंतराहून अर्धा किलोमीटर अधिक, ४२.७५ किलोमीटर होते. आजही आमच्या पट्ट्यातले हौशी धावपटू वर्षानुवर्षे सराव करून, उत्तम बूट घालून, चार तासांच्या आत आले तरी मित्रांना चहा पाजतात. असो. लक्षात घेण्याची गोष्ट ही की त्या धावपटूंना वजन उतरवण्याचा प्रश्नच नव्हता. उतरवायला अंगावर काही नव्हते.

वजन उतरवण्यासाठी धावणे ही कल्पना परदेशातली आणि बरीच अलीकडची. न्यूझीलंडमध्ये आर्थर लिडियार्ड यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी हृदयविकारातून उठलेल्या, सुटलेल्या पोटाच्या मध्यमवयीनांना सावकाश धावायला लावले. अमेरिकेचे प्रशिक्षक बिल बाउअरमन ते पाहून आले आणि 'जॉगिंग' हा शब्द तिकडे घरोघरी पोचला. या प्रवाहाचा प्रतिनिधी म्हणजे जिम फिक्स. पस्तिशीत त्याचे वजन ९७ किलोच्या घरात होते आणि तो सिगारेटी ओढत असे. धावून धावून त्याने २७ किलो उतरवले आणि १९७७ मध्ये लिहिलेल्या धावण्यावरील ग्रंथाने लक्षावधी वाचक मिळवले. जुलै १९८४ मध्ये, ५२ व्या वर्षी, धावत असतानाच तो हृदयविकाराने गेला. त्याच्या वडिलांनाही हृदयविकारानेच अकाली मृत्यू आला होता. धावणाऱ्यांना टोमणा मारायला ही हकीकत आजही उपयोगी पडते. बोईसरच्या चहाच्या टपरीवरसुद्धा ती नाव न घेता सांगितली जाते, 'तो एक अमेरिकन होता ना' अशी.

आपल्याकडे पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ मध्ये सुरू झाली, मुंबईची २००४ मध्ये, वसई-विरारची २०११ मध्ये. २०१३ मध्ये लोकल विरारपुढे डहाणूपर्यंत आली. या शर्यतींनी धावण्याला जी गोष्ट दिली ती आम्हांला मोलाची वाटते: कारण. छातीवर क्रमांक टाचला की पळणाऱ्याच्या मागे कोण लागले आहे हे कोणी विचारत नाही.

येथवरच्या इतिहासात दोन वेगळी शरीरे आहेत. एक हुकमाने किंवा गरजेने धावणारे, कृशच असलेले. दुसरे सुखवस्तू, वजन उतरवण्यासाठी धावणारे. अविनाश साबळे या एका मराठी धावपटूच्या आयुष्यात ही दोन्ही शरीरे एकापाठोपाठ येऊन गेली, म्हणून त्याच्यापाशी थोडे थांबावेसे वाटते. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातले मांडवा हे त्याचे गाव. जन्म १३ सप्टेंबर १९९४ चा. आई-वडील शेतकरी. शाळा सहा किलोमीटरवर आणि वाहन नाही, म्हणून लहानपणापासून चालत-धावत जाणे. हे गरजेचे धावणे झाले. बारावीनंतर तो सैन्यात, महार रेजिमेंटच्या पाचव्या तुकडीत भरती झाला. सियाचीन, राजस्थानचे वाळवंट, सिक्कीम अशा नेमणुका झाल्या. ही रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला उभी राहिली. आज तिच्यात सर्व समाजांचे जवान असतात. पण ज्या समाजाचे पाय वतनाने बांधले गेले होते, त्याचे नाव धारण करणाऱ्या पलटणीतून देशाचा अव्वल धावपटू यावा, यात इतिहासाची काही संगती आम्हांला दिसते. ती ओढूनताणून आणलेली आहे असे कोणी म्हणाल्यास आमची हरकत नाही.

सैन्यात त्याचे वजन वाढले. इतके, की नेहमीच्या सरावातून त्याला बाहेर राहावे लागले. आणि तीन महिन्यांत सुमारे २० किलो उतरवून तो परतला, असे त्याच्याविषयी सर्वत्र नोंदले गेले आहे. प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडे वळवले. ही शर्यत ३००० मीटरची. वाटेत २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरची उडी. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची ९१.४ सेंटिमीटर. म्हणजे पस्तीस वेळा स्वतःचे सारे वजन उचलून पलीकडे टाकायचे आणि वेग मोडू द्यायचा नाही. वजनाचा हिशेब इतक्या निर्दयपणे मांडणारी शर्यत दुसरी कुठली असेल असे आम्हांला वाटत नाही. २०१८ मध्ये भुवनेश्वरला त्याने ८ मिनिटे २९.८० सेकंद अशी वेळ देऊन गोपाळ सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत तो दुसरा आला, सुवर्णापासून अवघ्या ०.०५ सेकंदांनी दूर. १९९८ पासून सहा राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदके केनियाच नेत होता. ती साखळी तेथे तुटली. २०२३ मध्ये हांगझोउ आशियाई स्पर्धेचे सुवर्ण, जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८ मिनिटे ९.९१ सेकंद, आणि त्याच वर्षीच्या ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी. या शर्यतीत तेथवर पोचलेला तो पहिला भारतीय पुरुष. वृत्तपत्रांनी त्याचे बालपण वारंवार लिहिले, कारण गरिबीतून वर येण्याची कथा आपल्याला पाठ आहे. ते २० किलो एका ओळीत उरकले गेले. आम्हांला वाटते, त्या तीन महिन्यांत तो प्रथमच कोणाच्या गरजेशिवाय, स्वतःच्या शरीराशी ठरवून धावला असावा.

सामान्य धावपटूच्या बाबतीत त्या तीन महिन्यांनंतरचा काळच खरा कठीण. वजन उतरलेले शरीर पूर्वीपेक्षा कमी इंधनात भागवू लागते आणि भूक मात्र वाढवते. गेलेले परत मिळवण्याचा त्याचा प्रयत्न वर्षानुवर्षे थांबत नाही. अमेरिकेत १९९४ पासून अशा माणसांची एक नोंदवही ठेवली जाते, ज्यांनी किमान साडेतेरा किलो उतरवून ते वर्षभर टिकवले. त्यांतील बहुसंख्य रोज सुमारे तासभर व्यायाम करतात. म्हणजे ज्याला लोक वेड म्हणतात तो हा तासाभराचा हप्ता आहे, आणि त्याला सुट्टी नाही. आमच्याकडे तो हप्ता फेडायचा म्हणजे जूनपासून चार महिने बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते सुकवायचे. रात्रपाळी संपवून आल्यावर झोपायचे की धावायचे हे ठरवायचे. रस्ता कुत्र्यांच्या टोळीच्या मर्जीप्रमाणे बदलायचा. जुन्या पँटी शिंप्याकडे देताना तो म्हणतो, 'थोडी शिलाई आत ठेवतो, पुन्हा लागेल', आणि त्याचे म्हणणे अनुभवाचे असते. लग्नकार्यात पंगतीतल्या जिलबीला नाही म्हणणे हा तर यजमानाचा अपमान. २०१८ च्या सुमारास डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या दोन वेळच्या जेवणाचा महाराष्ट्रभर गाजावाजा झाला तेव्हापासून 'दीक्षित करतोय' एवढे म्हटले की सुटका होते. धावणाऱ्या स्त्रियांना हे निमित्तही पुरत नाही. त्यांना आधी घरचा डबा, मग अंधार, मग कपडे यांची उत्तरे द्यावी लागतात. बारामतीच्या लता करे साठीनंतर नऊवारीत, अनवाणी धावल्या आणि जिंकल्या, त्या पतीच्या उपचारांच्या पैशांसाठी. त्यांच्यावर २०२० मध्ये चित्रपट निघाला. बाईचे धावणे समाजाने डोक्यावर घेतले ते गरजेचे होते म्हणून, ही शंका आम्हांला सोडत नाही.

आणि हवा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्र देशातील अतिप्रदूषित क्षेत्रांच्या अग्रभागी होते. धावताना मनुष्य बसल्या वेळेच्या कितीतरी पट हवा आत घेतो. म्हणून वारा कोणत्या बाजूचा आहे हे पाहून कोणी चिंचणीच्या किनाऱ्याकडे वळतो, कोणी नांदगावकडे. आरोग्यासाठी धावावे तर छातीत काय जाते, आणि न धावावे तर वजन परत येते. या दोहोंतून निवड करण्याची सोय येथे नाही, पहाटेची वेळ तेवढी निवडता येते.

याच जिल्ह्याच्या पूर्वेला जव्हार-मोखाडा आहे. वावर-वांगणीच्या १९९२ च्या बालमृत्यूंनी ती नावे महाराष्ट्राला कळली. तेथे अंगणवाडीच्या आढ्याला काटा टांगलेला असतो आणि महिन्यातून एकदा त्यात मूल ठेवून सेविका आकडा लिहिते; तो वाढला की बरे वाटते. बोईसरच्या सदनिकेत न्हाणीघराच्या दाराशी ठेवलेल्या काट्यावर सकाळी उभा राहणारा मनुष्य आकडा घटला की खूष होतो. अंतर दीड-दोन तासांच्या एसटीचे. मोखाड्याला लागून नाशिक जिल्ह्यात हरसूलजवळ सावरपाडा आहे, कविता राऊतचे गाव. पाणी आणायला अनवाणी डोंगर उतरणारी ही मुलगी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर धावून कांस्यपदक घेऊन आली. तिला 'सावरपाडा एक्स्प्रेस' म्हटले गेले, जिथे आगगाडी जात नाही त्या पाड्याचे नाव लावून.

बोईसर स्थानकावर शर्यतीच्या रविवारी पहाटे विरारकडे जाणाऱ्या गाडीत दोन प्रकारची माणसे दिसतात. एक चाळिशीची, मनगटावर घड्याळ, पायांत महागडे बूट, पिशवीत खजूर. दुसरी विशीच्या आतली, आश्रमशाळांतून किंवा पोलीसभरतीच्या तयारीतून आलेली, बक्षिसाच्या रकमेचा हिशेब करणारी. पहिल्यांपैकी कोणीतरी दुसऱ्यांपैकी एकाला विचारतो, 'तुझं वजन किती?' तो सांगतो, आणि विचारणारा मनोमन हेवा करतो. मुलगा मात्र त्या प्रश्नाने बिचकतो. भरतीत उंची मोजतात, छाती मोजतात. आपले काही कमी तर भरणार नाही ना, असे त्याला वाटते, आणि तो केळे सोलून खाऊ लागतो.